छप्पन्न मण्यांची बोरमाळ

दुपारची, जोहरची नमाज झाल्यावर मी जानमाज घडी करून ठेवते आणि तिथेच फरशीवर आडवी होते. सतरावा रोजा आहे. मार्चचं ऊन खिडकीच्या गजांपर्यंत येऊन थांबलं आहे. टेबलावर काचेच्या पेटीतला वजनकाटा आहे आणि त्याच्याशेजारी, पन्नास ग्रॅमच्या पितळी वजनाखाली, नऊ पानांचा मसुदा. पंख्याच्या वाऱ्यानं पानांचे कोपरे उचलले जातात आणि परत बसतात. मी ते आवाज मोजते. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. मोजत राहिलं की मला झोप लागते.

मसुदा उद्या बैठकीत वाचायचा आहे. आमच्या मोहल्ल्यात जकात गोळा करून वाटण्याचं काम आम्हा पाचजणांची कमिटी करते; सोन्याचं वजन करणं माझ्याकडे. ज्याच्याकडे साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोनं वर्षभर राहिलं, त्यानं त्याचा चाळिसावा भाग द्यायचा. ज्याच्याकडे तेवढं नाही, चांदी-रोकडही नाही, त्याला त्यातून घेता येतं. या रेषेला निसाब म्हणतात. साथीच्या वर्षी ही सगळी व्यवस्था कशी अडखळली आणि पुढे ती कशी असावी, हे मी लिहून काढलं आहे. बाजार बंद असताना विकता न येणारं सोनं कसं धरायचं. जकात रमजानमध्येच वाटायची की दर महिन्याला. बिनव्याजी कर्जाचे हप्ते किती काळ थांबवता येतील. मेहनतीनं लिहिलं आहे. पान तीनवर एक वाक्य आहे: 'काटेकोर वजनामुळे त्या रमजानमध्ये एकाही अपात्र व्यक्तीला जकात दिली गेली नाही.'

हे वाक्य खरं आहे. मी ते चार वेळा तपासलं आहे.

एकतीस. बत्तीस. तेहतिसावा आवाज कागदाचा नाही. मेण लावलेला दोरा मण्यातून ओढल्याचा आहे.

जैतूनखाला टेबलाच्या पायाशी बसली आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, तो ताणून धरून ती मणी ओवते आहे. जैतूनखाला पटवेगार, आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. लग्नाचे दागिने ओवून देणं, त्यांना रेशमी गोंडे बांधून देणं हे तिचं काम. तिला जाऊन साडेचार वर्षं झाली. मला याचं काही वाटत नाही. ती दिवसा आली आहे, एवढंच मला बरं वाटतं.

"रोजा हाय न्हवं गं मॅडम?" ती मान वर न करता विचारते. "मग तोंडात पेन कशाला धरलंयस?"

मी हात लावून बघते. तोंडात खरंच पेन आहे.

"खाला, तुम्ही कधी आलात?"

"मी कुठं आले? तूच बोलावलंस. नंबर सात, जैतूनबी पटवेगार, म्हणून वरडलीस की."

मी उठून बसते, तर खुर्चीवर बसलेली आहे. फरशीवर खडूनं चौकोन आखलेले आहेत आणि एकेका चौकोनात एकेक माणूस तोंडाला फडकं बांधून उभा आहे. उर्दू शाळेचा हॉल. मे महिना. माझ्या शेजारी कमिटीचे अध्यक्ष गफूरमामू बसले आहेत. मामू एसटीत कंडक्टर होते. आजही गळ्यात त्यांची चामड्याची पिशवी आहे आणि हातातल्या चिमट्यानं ते पावत्यांना भोकं पाडत आहेत.

"चला, पुढं सरका, पुढं सरका," मामू म्हणतात. "आत लई जागा हाय."

हॉल लांब आहे. खिडक्यांबाहेरून शेतं मागे जात आहेत.

मला माहीत आहे आता काय होणार आहे. जैतूनखाला दोन बांगड्या आणि गळ्यातली बोरमाळ काढून माझ्यासमोर ठेवेल. ती सांगेल की तीन महिन्यांचं घरभाडं थकलं आहे, हातात काही नाही, चांदी नाही. लग्नं बंद आहेत, म्हणून दागिने ओवायला कोणी देत नाही. साखरेच्या गोळ्या ती दिवसाआड घेते. हे सगळं मी वहीत लिहून घेईन. मग बांगड्या ताटलीत, मग बोरमाळ. काचेची दारं बंद करून आकडा स्थिर होईपर्यंत मी थांबेन.

"वाच की बेटा," गफूरमामू म्हणतात.

मी ठरवते की या वेळी दुसरा आकडा वाचायचा. बाहत्तर म्हणायचं. मी तोंड उघडते.

"एक्याण्णव पॉइंट वीस," माझं तोंड म्हणतं.

खडूच्या चौकोनातली माणसं जैतूनखालाकडे बघतात. गेली दहा वर्षं तिनं कुणाकडे एक वाटी साखरही मागितली नव्हती, आज मागायला आली, तर अंगावर साडेसात तोळ्यांच्या वर निघालं.

"खाला," मी म्हणते, अगदी तेव्हा म्हणाले होते तसं, हळू आणि व्यवस्थित, "तुम्ही घेणाऱ्यांतल्या नाही. देणाऱ्यांतल्या आहात."

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्यावर जकात फर्ज आहे. दोन पॉइंट अठ्ठावीस ग्रॅमची."

"अगं, पर सराफ कट्टा बंद हाय. इकू कुणाला?"

"कर्ज देऊ की बिनव्याजी," मामू म्हणतात. "सवडीनं फेडा."

"कशानं फेडू गफूरभाई? आन् लग्नं कुठं हायत? तुम्ही दुसरं करताय का?"

खडूच्या चौकोनात कुणीतरी हसतं. मामूही हसतात. मी हसत नाही, मी भागाकार तपासते आहे.

मग ती तिथेच, फरशीवर मांडी घालून बसते, अंगठ्याला दोरा अडकवते आणि बोरमाळेची गाठ सोडते. दोन मणी काढते. ताटलीत टाकते. २.२८. एक मणी १.१४ चा, असे छप्पन्न. हिशोब इतका सरळ सुटतो की मला आनंद होतो. तो आनंद मला अजून आठवतो. एखादं द्रावण अगदी शेवटच्या थेंबाला रंग बदलतं तेव्हा होतो तसाच. उरलेले चौपन्न मणी ती परत ओवते, गाठ मारते, माळ गळ्यात घालते.

गफूरमामू पावतीला भोक पाडून तिच्या हातात देतात. "सांभाळा. चेकर येईल."

चेकर येत नाही. घंटा होते. खडूचे चौकोन फळ्यावर चढलेले आहेत आणि मी त्यांच्यासमोर उभी आहे, हातात शंभर मिलिलिटरचं मोजपात्र. प्रयोगशाळेत वीस मुलं आहेत, सगळ्यांची तोंडं झाकलेली. शेवटच्या बाकावर जैतूनखाला बसली आहे. तिनं वही आणलेली नाही.

"सोन्याची घनता?" मी विचारते.

"एकोणीस पॉइंट तीन," मुलं म्हणतात.

"बावीस कॅरटची?"

"साडेसतराच्या पुढं."

"माझ्या बोरमाळंची?" शेवटच्या बाकावरून येतं.

मुलं मागे वळून बघतात. मी मोजपात्रात पन्नासच्या खुणेपर्यंत पाणी भरते. बोरमाळ अख्खी सोन्याची असती तर पाणी साडेतीन-चार मिलिलिटर चढलं असतं. मी दोरा धरून माळ आत सोडते. पाणी चढतं. पंचावन्न. साठ. पासष्ट. सत्तरजवळ थांबतं.

"वाचा," मी मुलांना सांगते. माझा आवाज मला ऐकू येत नाही.

दोन मिनिटांचा प्रयोग आहे. अकरावीची मुलं करतात. मी दरवर्षी जूनमध्ये घेते. काटा आणला, काचेच्या पेटीत ठेवला, वजनांचं प्रमाणपत्र घेतलं, दुसऱ्या दशांशापर्यंत वाचलं. काय वजन करतो आहोत ते विचारलं नाही. बोरमाळेचे मणी पोकळ असतात. वर सोन्याचा पत्रा, आत लाख भरलेली. लाल तपकिरी, ठिसूळ. हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी मी आकड्याकडे बघत होते.

"मॅडम, रीडिंग लिहू का?" पहिल्या बाकावरची मुलगी विचारते.

"थांब," मी म्हणते.

मुलगी थांबते. सगळे थांबतात. पाणी मोजपात्राच्या काठावरून माझ्या मनगटावर येतं आणि ते कोमट आहे. कारण समोर सराफाची शेगडी आहे, आणि सराफ जकातीत आलेल्या त्या दोन मण्यांतला एक चिमट्यात धरून तापवतो आहे. जूनची सत्तावीस तारीख. दुकान उघडून आठवडाच झाला आहे. मण्याच्या भोकातून लाख उकळून बाहेर येते, थेंबथेंब, आणि तिला जळक्या राळेचा वास आहे.

"दोन मण्यांचं मिळून सोनं एक साठ," सराफ म्हणतो. "बाकी लाख. तुम्ही काय धरलं होतं?"

मी सांगत नाही. तो चिठ्ठी लिहितो: सोनं १.६०, लाख ०.६८. मी दुकानाच्या पायरीवरच हिशोब करते. मण्यामागे ०.३४. छप्पन्न मण्यांची १९.०४. एक्याण्णव पॉइंट वीसमधून वजा केली की उरतं बाहत्तर पॉइंट सोळा. निसाबाला पंधरा ग्रॅम कमी. ती रेषेच्या अलीकडे होती. तिला द्यायला हवं होतं आणि आम्ही तिच्याकडून घेतलं.

चिठ्ठी मी फाईलला लावते. फाईल कपाटात ठेवते. मी ती लपवली असं कुणी म्हणू शकणार नाही, क्रमांकसुद्धा घातलेला आहे.

पायरी उतरते तर खाली आमची गल्ली आहे.

गल्ली लांब झाली आहे. दोन्ही बाजूंना एकच घर आहे, पुन्हा पुन्हा: निळं दार, ओटा, ओट्यावर जैतूनखाला. माझ्या हातात मेथीची पिशवी आहे. मी पहिल्या ओट्यावरून जाते आणि मनात म्हणते, उद्या सांगू. दुसऱ्या ओट्यावरून जाते, उद्या. सत्तावीस जून ते बारा ऑगस्ट, शेहेचाळीस दिवस. मी शेहेचाळीस ओटे मोजत चालले आहे. कधी मी फोन कानाला लावते, कधी पलीकडच्या बाजूनं जाते, पण पलीकडेही तीच बसलेली आहे. प्रत्येक ओट्यावर ती थोडी बारीक होत जाते. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकतात.

बारा ऑगस्टला साथीच्या तापानं ती गेली. तिच्या रक्तातली साखर खूप वाढलेली होती. कारण आणि परिणाम एका माणसावरून सिद्ध होत नाहीत, हे मी वर्गात शिकवते. हे वाक्यही खरं आहे.

"ए मॅडम," चाळिसाव्या ओट्यावरून हाक येते. "मेथी कितीला दिली?"

मी थांबते. आत्तापर्यंत एकदाही थांबले नव्हते.

"दहाला दोन पेंड्या."

"लुटलं तुला. बस."

मी ओट्यावर बसते. जैतूनखाला कमरेच्या बटव्यातून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली पावती काढते. तिला मामूंनी पाडलेलं भोक आहे. ती दोन्ही हातांनी धरून मला दाखवते.

"अख्ख्या गल्लीला दावली. माझ्या सासूनं आयुष्यात जकात दिली न्हवती. तिच्या सासूनंबी न्हाई. आमच्या घरात देणारी मीच पयली."

"मला माहीत आहे," मी म्हणते. "तुम्ही इतक्या खूश होता, खाला. म्हणूनच मला वाटलं, आता कशाला सांगायचं."

हे मी आजवर कुणालाही म्हटलेलं नाही. स्वतःशी पुष्कळदा म्हटलं आहे, तेव्हा ते बरं वाटायचं.

ती पावती परत घडीवर घडी घालून ठेवते. घाई करत नाही.

"खूश व्हते की," ती म्हणते. "उपाशीबी व्हते."

ओट्याखालून एक मुंग्यांची रांग चालली आहे. आम्ही दोघी तिच्याकडे बघतो.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणते. माझ्या आवाजात तक्रार आहे आणि मला तिची लाज वाटते. "तुमचा जन्म मणी ओवण्यात गेला. मण्यांत लाख असते हे तुम्ही माझ्याआधी ओळखता. मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुझ्या मशिनला कळत असंल. एवढं काचंत घालून ठेवलेलं. शिंकलं तरी आकडा हलतुया. मी म्हटलं, हे काय साधं न्हाई, हे आतलंबी बगत असंल." ती हसते. दात नसलेल्या बाजूनं हसताना ती तोंडावर पदर घ्यायची, तसा घेते. "आन् तू म्हणालीस, तुम्ही देणाऱ्यांतल्या. चारचौघांत म्हणालीस. आता त्याच्यावर मी काय म्हणू? माझं सोनं पोकळ हाय म्हणू?"

"मी पैसे देते. दोन मण्यांचे, आणि तेव्हा मिळायला हवे होते तेही. तुमच्या भाचीकडे पोचवते."

"दे की. तिला कुकर घ्यायचाय." ती माझ्या पिशवीतून मेथीची एक काडी काढते आणि निवडायला लागते. "पर ते सोपं हाय मॅडम. लिफाफ्यात घालून दिलं की झालं, बोलायचंबी काम न्हाई. उद्या त्या कागदावरनं काय वाचणार?"

"कुठल्या?"

"तीन नंबरच्या."

"ते वाक्य खरं आहे, खाला."

"मी कुठं खोटं म्हणते? नको त्याला एक पै गेली न्हाई. पायजे त्याला गेली का, ते कितव्या पानावर लिवलंयस?"

मी पानं आठवते. एक ते नऊ. प्रत्येक पानावर काय आहे ते मला पाठ आहे. मी पुन्हा एकदा आठवते. तोपर्यंत ती मेथी निवडून संपवते, आणि तिच्या ओंजळीत मेथी नाही, काट्याची स्टीलची ताटली आहे. ती पदरानं ताटली पुसते, आधी वरून, मग उलटी करून खालून.

"तू वरनंच पुसतीस," ती म्हणते.

"म्हणजे?"

"उचल की गं ताटली. कवा उचललीस का?"

मी विचारते, कशासाठी, आणि अजान सुरू होते. असरची, तिसऱ्या प्रहराची. आवाज गल्लीच्या टोकाकडून येतो, ओटे एकात एक मिटत जातात, आणि फरशी माझ्या पाठीला गार लागते.

मी डोळे उघडते. पंखा फिरतो आहे. तोंड कोरडं आहे. पेन टेबलावर आहे, टोपण लावलेलं.

स्वप्नात मला माहीत नसलेलं काही कुणी सांगू शकत नाही. जैतूनखाला जे बोलली ते माझंच होतं. तिचा आवाज लावून मी स्वतःला ऐकवलं. हे मी उठून बसत असताना ठरवते आणि त्यात मला चूक दिसत नाही. मी हातपाय धुऊन वजू करून येते, नमाज पढते. शेवटच्या सलामाला मान वळवताना उजव्या बाजूला टेबल दिसतं.

नमाज झाल्यावर मी काट्याचं काचेचं दार सरकवते. पाच वर्षांत हा काटा मी कितीतरी वेळा पुसला आहे, प्रत्येक वजनाआधी आणि नंतर, मऊ कापडानं. ताटली एका खिळीवर बसवलेली असते, सरळ वर उचलली की निघते. मी ती कधी काढली नव्हती. काढायची गरज पडली नव्हती.

ताटलीच्या खालच्या बाजूला, कडेजवळ, एक कण चिकटलेला आहे. लाल तपकिरी. मोहरीच्या दाण्याहून जरा मोठा. मी नखानं तो सोडवते आणि तळहातावर घेते. ठिसूळ आहे. दोन बोटांत किंचित चुरडून नाकाशी नेते. राळेचा वास.

कण इथे कसा आला हे मला सांगता येतं. तिनं दोन मणी ताटलीत टाकले तेव्हा एकाच्या भोकातून निसटला असेल, कडेवरून खाली गेला असेल, मेच्या उन्हात मऊ होऊन चिकटला असेल. यात अशक्य काही नाही. म्हणजे तो त्याच दिवसापासून इथे आहे. सराफाच्या चिठ्ठीच्या आधी एक महिना. मी आकडा वाचत होते तेव्हा तो आकड्याच्या चार इंच खाली होता.

ताटली परत बसवते. शून्य करते. कण ठेवते, दार लावते, थांबते. ०.०२.

प्रयोगवहीत नमुना चिकटवतात तसा मी तो कण पान तीनवर चिकटपट्टीनं लावते. खाली वजन लिहिते, तारीख लिहिते. ते वाक्य मी खोडत नाही, ते खरं आहे. त्याच्याखाली लिहिते: 'त्याच रमजानमध्ये जैतूनबी पटवेगार यांना जकात मिळायला हवी होती. चुकीच्या वजनामुळे ती त्यांना मिळाली नाही. उलट त्यांच्याकडून दोन मणी घेतले गेले.' 'घेतले गेले' वर मी बराच वेळ पेन धरून बसते. मग ते दोन शब्द खोडते आणि लिहिते, 'मी घेतले. २७ जूनला मला चूक कळली. मी ती सांगितली नाही.'

फोनवर गफूरमामू लगेच येतात. मागे भांड्यांचा आवाज आहे, इफ्तारची तयारी चालली असणार.

"काय बेटा? मसुद्याच्या झेरॉक्स काढून आणल्या बघ. पंधरा. लई झाल्या का?"

"मामू, पान तीन बदलायचं आहे."

"आता? अगं, दुकान बंद केलं असंल त्यानं. काय बदलायचंय, उद्या बैठकीतच सांग की सगळ्यांना."

"उद्या सगळ्यांना सांगते," मी म्हणते. कणावरच्या चिकटपट्टीची एक कड उचलली गेली आहे, ती मी अंगठ्यानं दाबून धरते. "तुम्हाला आत्ता सांगते. जैतूनखालाच्या बोरमाळेबद्दल आहे. तुम्ही जरा बसा, मामू."

खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

"बसलो," ते म्हणतात.